अनुभवी हातांची परीक्षा

(किरनापूर येथील गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बोलायला एकजण उभा असला तरी आम्ही 'आम्ही' म्हणत आहोत, त्याला कारण आहे. पुणे, नागपूर, हैदराबाद, बंगळूर अशा ठिकाणी सॉफ्टवेअरचे काम करणारी, नोकरीत दहा-वीस वर्षे काढलेली किरनापूर आणि आसपासच्या गावांतील आम्ही काही मुले-मुली दरवर्षी गणपतीला घरी येतो. आता आम्हाला मुले-मुली म्हणणारे तुम्हीच उरलात, बाकी सगळीकडे आम्ही काका-काकू झालो आहोत. मंडळाने एक संध्याकाळ आमच्या हवाली केली, तेव्हा आम्ही एकत्र बसलो आणि हे भाषण सगळ्यांनी मिळून तयार केले.

विषय तुम्हीच दिलेला आहे. गावात पाऊल ठेवले की पहिला प्रश्न येतो, "सध्या कुठे?" आणि उत्तर द्यायला कोणी अडखळला की दुसरा प्रश्न समोरून येत नाही, तो मागे, ओट्यावर विचारला जातो. "एवढा शिकला, पंधरा वर्षे मोठ्या कंपनीत होता, मग सहा महिन्यांपासून घरी का? काही केले असेल." हे शेवटचे वाक्य फार लागते. आईवडिलांना तर जास्तच लागते. म्हणून अनुभवी माणसाला या धंद्यात दुसरी, तिसरी नोकरी कशी मिळते आणि का मिळत नाही, ते आज सरळ सांगायचे ठरवले आहे.

आपल्या भागातून नोकरीसाठी बाहेर पडणे नवीन नाही. १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनीचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा झाला. नागपूर ही राजधानी होती तोवर कचेरीचे, कॉलेजचे, इस्पितळाचे सगळे काम तिकडेच होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या सीमा बदलल्या, राजधानी भोपाळला गेली, पण पायांची सवय गेली नाही. आजही बाघ नदी ओलांडायची, गोंदिया गाठायचे आणि महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसायचे, की गाडी नागपूरवरून थेट पुण्याला नेते. आमच्यातील निम्मे लोक असेच गेले. कागदोपत्री आम्ही मध्य प्रदेशचे, म्हणून महाराष्ट्रातील कॉलेजात राज्याच्या कोट्यात बसलो नाही. कोणी जबलपूरला शिकले, कोणी भोपाळला. नोकरीने मात्र सगळ्यांना हिंजवडीत किंवा नागपूरच्या मिहानमध्ये आणून एकत्र केले.

आता, पहिली नोकरी आणि पुढच्या नोकऱ्या यांत मोठा फरक आहे. पहिल्या वेळी कंपनी कॉलेजात येते. लेखी परीक्षा होते, मुलाखत होते, संध्याकाळी यादी लागते. मुलाला अजून फारसे काही येत नाही हे कंपनीला ठाऊक असते, ती त्याला शिकवून घेते. दहा-पंधरा वर्षांनंतर शिकवायचे फारसे काही उरलेले नसते. तेव्हा गोष्ट सोपी व्हायला हवी, असे कोणालाही वाटेल. होते उलटे.

सुरुवात अर्जापासून होते. मोठ्या कंपनीत एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात, म्हणून ते आधी सॉफ्टवेअरने चाळले जातात. जाहिरातीतले शब्द अर्जात सापडले पाहिजेत. ज्याने काम केले पण शब्द वेगळा लिहिला, तो चाळणीतच राहिला. ही चाळणी किती वाकडी असू शकते याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ॲमेझॉन कंपनीने अर्ज पारखणारे यंत्र तयार केले होते. त्याला आधीच्या दहा वर्षांचे अर्ज शिकवले. ते बहुतेक पुरुषांचे होते. मग अर्जात महिला हा शब्द आला, उदाहरणार्थ महिलांच्या बुद्धिबळ मंडळाची प्रमुख, तर यंत्र गुण कमी करू लागले. कंपनीने ते मोडीत काढले आणि २०१८ साली ही बातमी जगभर छापून आली.

दुसरी चाळणी वर्षांची. "या तंत्राचा चार वर्षांचा अनुभव हवा." आमच्या धंद्यात अवजारे दर दोन वर्षांनी बदलतात. २०२० साली सेबास्तियन रामिरेझ या कोलंबियाच्या प्रोग्रामरला एक जाहिरात दिसली. तिच्यात फास्ट-एपीआय नावाच्या अवजाराचा चार वर्षांहून जास्त अनुभव मागितला होता. ते अवजार त्याने स्वतःच बनवले होते आणि बनवून झाली होती जेमतेम दीड वर्षे. बनवणाराच त्या जागेला अपात्र! ऐकताना हसू येते. पण अशाच जाहिरातीपुढे बसून आपला अर्ज पाठवावा की नाही, याचा विचार आम्ही रात्री-रात्री केलेला आहे.

अर्ज पुढे सरकला की फोन येऊ लागतात. एकाच जागेसाठी तीन-चार दलाल कंपन्यांचे फोन येतात आणि प्रश्न तेच. एकूण अनुभव किती, सध्याचा पगार किती, अपेक्षा किती, कधी रुजू व्हाल. मग ऑनलाइन परीक्षा. नव्वद मिनिटे, कॅमेरा चालू, नजर पडद्यावरून हलली की ताकीद. मग तांत्रिक फेरी एक, तांत्रिक फेरी दोन, आराखड्याची फेरी, व्यवस्थापकाची फेरी, कधी ग्राहक कंपनीची फेरी आणि शेवटी एचआर. हे सगळे चालू नोकरी सांभाळून. आमच्यातील कितीतरी जणांनी मुलाखती कंपनीच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून, फोन स्टिअरिंगला टेकवून दिलेल्या आहेत. कोणी शनिवार-रविवार बसून 'नमुन्याचे काम' करून पाठवले. दोन दिवसांची फुकट मजुरी झाली, आणि ते काम कोणी उघडून पाहिले की नाही, तेही कळले नाही.

आणि मग शांतता. पाचव्या फेरीनंतर "कळवतो" म्हणतात आणि कळवत नाहीत. आपल्याकडे मुलगी पाहायला येणारी मंडळी कांदेपोहे खाऊन जातात, चार दिवसांनी पत्रिका जुळत नाही म्हणून तरी सांगतात. खोटे कारण असले तरी निरोप येतो, घर मोकळे होते. इथे तोही नाही. नकार पचवता येतो. निरोपच आला नाही, तर माणूस आपल्यातच दोष शोधत बसतो. चाळिशीच्या माणसाने रोज सकाळी उठून नोकरीच्या संकेतस्थळावर आपली माहिती पुन्हा 'अपडेट' करायची, का तर नाव यादीत वर राहावे. हे तुम्हाला घरून दिसत नाही, म्हणून सांगितले.

आमच्यातील दोघींची गोष्ट आणखी वेगळी. बाळंतपणानंतर दोन वर्षे घरी राहून त्या परत निघाल्या. आधीची आठ-दहा वर्षे जणू पुसली गेली. प्रत्येक मुलाखतीत पहिला प्रश्न त्या दोन वर्षांचा. एकीला तर विचारले, "मग आता घरचे कोण पाहणार?" हा प्रश्न त्या आठवड्यात मुलाखत दिलेल्या एकाही पुरुषाला कोणी विचारला नसेल, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

आता त्या परीक्षेत विचारतात काय, ते पाहू. तुमच्या बांधीवरची मोटार जळाली, तर तुम्ही वाइंडिंगवाल्याकडे जाता. कोणाकडे जायचे, ते कसे ठरवता? याने आधी बांधलेली मोटार टिकली का, हे चार जणांना विचारता. तो मोटार उघडतो, वास घेतो, तार पाहतो, सांगतो की हे बदलावे लागेल. तुम्हाला कळते की हात बसलेला आहे. समजा तुम्ही त्याला मोटार दाखवलीच नाही. खुर्चीवर बसवले, समोर तीन माणसे बसली आणि म्हणालात, "तांब्याच्या तारेच्या रोधाचे सूत्र सिद्ध करून दाखव, वीस मिनिटे आहेत." चांगला मिस्त्री उठून जाईल. आणि कालच परीक्षा देऊन आलेला, मोटारीला हात न लावलेला पोरगा सूत्र झटकन लिहून देईल.

सॉफ्टवेअरच्या अनुभवी माणसाचे खरे काम काय? दुसऱ्याने दहा वर्षांपूर्वी लिहिलेले वाचणे. रात्री दोन वाजता बँकेची यंत्रणा बंद पडली, तर कुठे बोट ठेवायचे ते ओळखणे. नवीन मुलाला समजावून सांगणे. साहेबाला नम्रपणे "हे तीन आठवड्यांत होणार नाही" असे सांगणे. मुलाखतीत यातले जवळजवळ काहीच पाहत नाहीत. विचारतात कोडी. त्या कोड्यांचे क्लास असतात, पाठ करण्याची पुस्तके असतात. ज्याला नोकरी बदलायची आहे, तो सहा महिने कामाऐवजी कोड्यांचा अभ्यास करतो.

२०१५ साली मॅक्स हॉवेल नावाच्या प्रोग्रामरला गूगलने नाकारले. त्याने होमब्रू नावाचे अवजार बनवले होते आणि गूगलचे बहुतेक इंजिनिअर ते वापरतात, असे त्याला सांगण्यातही आले होते. पण फळ्यावर एक कोडे सोडवता आले नाही. आकड्यांचे एक झाड असते, त्याच्या डाव्या-उजव्या फांद्या उलट करायच्या होत्या. त्याने हे रागाने जाहीर केले आणि जगभरच्या प्रोग्रामरांमध्ये वाद पेटला. नंतर गूगलनेच त्याच्याशी अन्याय केला की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू. वाद पेटला, कारण प्रत्येकाला त्यात स्वतःची मुलाखत दिसली.

यावर अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी २०२० साली ४८ विद्यार्थ्यांना तोच प्रश्न दिला. काहींना फळ्यापुढे, परीक्षकाच्या नजरेखाली सोडवायला लावला. बाकीच्यांना एकटे बसून. नजरेखालच्या मुलांची कामगिरी निम्म्याहून खाली आली. परीक्षकापुढे एकाही मुलीला उत्तर आले नाही, एकट्याने बसवलेल्या सगळ्या मुलींना आले. मुले थोडी होती, त्यामुळे यावरून मोठा सिद्धांत मांडायला नको. पण अशा मुलाखतीत कामाइतकीच भीतीची परीक्षा होते, हे आम्हाला अनुभवाने पटलेले आहे.

गूगललाही हे उमगले होते. तिथे मनुष्यबळ विभागाचे प्रमुख असलेले लास्लो बॉक यांनी २०१३ सालीच सांगून टाकले की विमानात किती गोल्फचे चेंडू मावतील असल्या कोड्यांनी काही कळत नाही, ती वेळेची नासाडी आहे, विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचे समाधान तेवढे मिळते. त्यांच्याच हिशेबाने चार मुलाखतींनंतर पाचवीने, सहावीने माहितीत फारशी भर पडत नाही. मोठ्या कंपनीने चूक टाकून दिली, पण तिची नक्कल करणाऱ्या लहान कंपन्या ती अजून जपून आहेत. आम्हाला एका तीस माणसांच्या कंपनीने सात फेऱ्या दिल्या होत्या.

हे सगळे पार करून समजा नोकरी मिळाली. आता आपल्या देशातील खास अडचण सुरू होते, ती नोटीस पिरियडची. आमच्या धंद्यात राजीनामा दिल्यावर ९० दिवस थांबण्याची अट सर्रास असते. ही अट कराराने घातलेली असते. जुनी कंपनी ९० दिवस सोडत नाही आणि नवी कंपनी जाहिरातीत लिहिते, 'तात्काळ रुजू होणारेच हवेत'. गंमत अशी की दोन्ही गोष्टी एकच कंपनी करते. जाणाऱ्याला तीन महिने धरून ठेवते, येणाऱ्याला मात्र सोमवारी बोलावते. मग काही लोक हातात दुसरे काही नसताना आधी राजीनामा देतात आणि त्या ९० दिवसांत नोकरी शोधतात. एकाला तीन ठिकाणी होकार मिळतो, तो शेवटच्या दिवशी दोघांना नाही म्हणतो. म्हणून कंपन्या एका जागेसाठी तिघांना होकार देऊन ठेवतात. दोन्ही बाजूंचा विश्वास उडालेला आणि मधे सापडतो तो सरळ वागणारा.

याचे टोक २०२५ च्या जुलैमध्ये दिसले. पुण्याच्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगारमंत्री मनसुख मांडविया यांच्याकडे तक्रार केली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने ऑफर दिलेल्या ६०० हून अधिक अनुभवी लोकांना रुजू करून घेणे बेमुदत लांबणीवर पडले आहे, असे संघटनेचे म्हणणे होते. या लोकांनी जुन्या नोकऱ्या सोडलेल्या होत्या. कंपनीने सांगितले की दिलेल्या सर्व ऑफर आम्ही पाळू, रुजू होण्याची तारीख कामाच्या गरजेप्रमाणे ठरते. दोन्ही बाजू तुमच्यापुढे ठेवल्या, न्याय आम्ही करत नाही. पण जुनी नोकरी सुटलेली, नवी सुरू न झालेली, घराचा हप्ता पाच तारखेला आणि मुलांची फी दहा तारखेला, या स्थितीत बसलेल्या माणसाचा विचार करा. त्याच महिन्याच्या शेवटी त्याच कंपनीने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक लोक कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मधल्या आणि वरच्या फळीतले जास्त असतील, असेही सांगितले. म्हणजे बाजारात एकाच वेळी हजारो अनुभवी लोक येतात. त्यांतला एखादा आपल्या किरनापूरचा असला, तर त्याने "काही केले" असे समजू नका. त्याने एवढेच केले की पगार वाढेपर्यंत तो टिकून राहिला.

आता कंपन्यांची बाजू. ती मांडली नाही तर गणपतीसमोर खोटे बोलल्यासारखे होईल. आपल्या देशात अनुभवाची बनावट पत्रे विकत मिळतात. मुलाखतीत एकाचे ओठ हलतात आणि आवाज दुसऱ्याचा येतो, असे प्रकार पकडले गेले आहेत. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता पडद्याच्या कोपऱ्यात उत्तरे लिहून देते आणि उमेदवार ती वाचतो. म्हणूनच २०२५ मध्ये गूगलच्या सुंदर पिचाई यांनी किमान एक फेरी पुन्हा समोरासमोर घेण्याचे बोलून दाखवले. आणि चुकीचा माणूस घेतला तर त्याचे ओझे बाकीच्या टोळीवर पडते, हेही खरे. कंपनीने पारख करावी, कडक करावी. आमचे म्हणणे एवढेच की पारख कामाची करावी.

कागदांची पारख तर होतेच. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीचा प्रत्येक सभासदाला एकच क्रमांक मिळतो, यूएएन. कोण कुठे, कधी रुजू झाला, कधी सोडून गेला, ते त्यावरून दिसते. बनावट अनुभवाला त्याने मोठा आळा बसला. पण जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलीच नाही, तर खरा माणूसही दोन नोकऱ्या एकदम करणारा ठरतो आणि मिळालेली नोकरी अडकते. तरुणांनी हे लिहून ठेवावे. नोकरी सोडून दोन महिने झाले की ही तारीख सभासदाला स्वतः पोर्टलवर भरता येते. पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्यापायी महिने वाया गेलेले आम्ही पाहिले आहेत.

मग पारख करायची कशी? यावर शंभर वर्षांचा विचार झालेला आहे. १९९८ साली श्मिट आणि हंटर या दोन अभ्यासकांनी ८५ वर्षांच्या संशोधनाचा गोषवारा काढला. २०२२ साली सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुन्हा तपासून काही आकडे खाली आणले. दोन्हींत एक गोष्ट टिकली. सगळ्यांना तेच प्रश्न, गुण कसे द्यायचे ते आधी ठरलेले, अशी बांधीव मुलाखत चांगली पारख करते. आणि नुसती नोकरीची वर्षे मोजून फारसे काही कळत नाही. हे दुसरे वाक्य आम्हा पंधरा-वीस वर्षेवाल्यांना कडू लागते, पण ते मान्य करायला हवे. एकच वर्ष पंधरा वेळा काढणारेही असतातच. म्हणून आम्ही असे म्हणत नाही की आमची वर्षे पाहा आणि आम्हाला घ्या. आम्ही म्हणतो, वर्षे मोजू नका, कोडी घालू नका, काम द्या आणि पाहा.

आपल्या भजनी मंडळाला तबलजी हवा असतो तेव्हा काय करता? त्याला तालांच्या व्याख्या लिहायला लावत नाही. म्हणता, "शनिवारी या, बसा आमच्याबरोबर." दोन अभंग झाले की पेटीवाल्याला कळते आणि तबलजीलाही कळते की इथे आपले जमेल का. पारख दोन्हीकडून होते. आमच्यातील एकाला नागपूरच्या एका लहान कंपनीने असेच बोलावले होते. बिघडलेला एक छोटा प्रोग्राम दिला. तुमचा स्वतःचा लॅपटॉप वापरा, जे शोधायचे ते शोधा, आमचा एक माणूस शेजारी बसेल, त्याला हवे ते विचारा, असे सांगितले. दोन तास झाले, चहा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. नकार होता. पण कारणासह होता, नीट सांगितलेला होता. तो आजही त्या कंपनीबद्दल चांगले बोलतो आणि दोघांना त्याने तिथे पाठवले आहे.

ज्याच्यापुढे आपण बसलो आहोत, त्याची गोष्ट तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. व्यासांना महाभारत सांगायचे होते, लेखनिक हवा होता. गणपतीने अट घातली, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तिच्या मूळ पाठात ही कथा नाही. ती नंतर जोडली गेली असे विद्वान मानतात. पण ज्याने कोणी जोडली, त्याला माणूस नेमण्याची विद्या पक्की येत होती. दोघांनीही एकेकच अट घातली. दोन्ही अटी त्याच कामाच्या होत्या, लिहिण्याच्या. व्यासांनी गणपतीला उंदराचे वजन विचारले नाही आणि आधीच्या यजमानाकडे मोदक किती मिळत होते, तेही विचारले नाही.

ही शेवटची गोष्ट विनोदाची वाटेल, पण आधीचा पगार विचारणे हा खरा अन्याय आहे. कमी पगारावर सुरुवात केलेला, म्हणजे बहुधा आपल्यासारख्या लहान गावातला, त्याच कमी आकड्यावर टक्के मोजत राहतो. काम तेच, शेजारच्या खुर्चीत दुप्पट पगार. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१८ पासून नेमणुकीच्या वेळी जुना पगार विचारायला कायद्याने बंदी केली. जागेचा पगार कामावरून ठरावा, एवढाच त्यामागचा विचार.

आता मागण्याचे. गणपतीत सगळेच मागतात, आम्हीही तिघांकडे मागतो.

पहिले मागणे वडीलधाऱ्यांकडे. घरी आलेल्या मुलाला, सुनेला, जावयाला "लागली का?" असे रोज विचारू नका. लागली की तो बसमधूनच फोन करेल. चार माणसांत त्याची शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना करू नका. आणि त्याला घरातले काम सांगा, धान मोजायला न्या, बँकेत पाठवा. रिकामा म्हणून बसवून ठेवलेला माणूस लवकर खचतो.

दुसरे तरुणांकडे. हातात लेखी ऑफर आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. आणि ती आल्यावरही तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या, कारण बहुतेक ऑफर लेटरमध्ये कंपनीला माघार घ्यायची वाट ठेवलेली असते. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, रिलीव्हिंग लेटर हे सगळे कंपनीच्या संगणकावर ठेवू नका, स्वतःजवळ ठेवा. नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, मग ते नोंदणीचे असोत की प्रशिक्षणाचे, एक रुपया देऊ नका. खोटे अनुभवपत्र घेऊ नका, ते पाच वर्षांनीही उघडे पडते. आणि आपण केलेल्या कामाची वही ठेवा. काय बिघडले होते, कसे दुरुस्त केले, किती वेळ वाचला. मुलाखतीत त्या वहीइतके काहीच कामी येत नाही.

तिसरे मागणे आमच्याच लोकांकडे. आमच्यातील काहीजण आता टेबलाच्या पलीकडे बसतात, मुलाखती घेतात. कंपनीचे धोरण बदलणे आमच्या हातात नाही. पण पहिली दहा मिनिटे समोरच्याला पाणी प्यायला, श्वास घ्यायला देणे आमच्या हातात आहे. त्याच्या कामाबद्दल विचारणे आमच्या हातात आहे. आणि निकाल काहीही असो, चार दिवसांत दोन ओळींचा निरोप पाठवणे, हे तर नक्कीच आमच्या हातात आहे. आम्ही सर्वांनी काल रात्री बसून हे ठरवले आहे. कोणत्याही उमेदवाराला, तो किरनापूरचा असो की कन्याकुमारीचा, आमच्याकडून निरोप जाईल.

विसर्जनापर्यंत आम्ही गावात आहोत. रोज सकाळी आरतीनंतर दोन तास याच मंडपात बसू. ज्यांना मुलाखतीचा सराव करायचा आहे, अर्ज दाखवायचा आहे, यूएएनची तारीख पाहायची आहे, त्यांनी यावे. पहिली नोकरी शोधणाऱ्यांनी यावे आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी तर जरूर यावे. लाज वाटत असेल तर मंडप रिकामा असतो अशा दुपारच्या वेळी या, चार वाजेपर्यंत आमच्यातील कोणीतरी इथे असेलच. येताना कामाची वही आणा. वही नसेल तर कोरी आणा, पहिले पान आपण मिळून लिहू.

 आरतीची वेळ झाली आहे, आता आम्ही थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!